सोमवारी कोण बोललं

"कोकी, दिवा लागस तोपावत तोंड उघाडानं नही. जेले बोलता येस, तेले गप बसता बी येवाले पाहिजे. आन हाई कोनले सांगानं नही. नेम सांगा का तेना जीव जास." आई हे सांगायची तेव्हा तिचे दोन्ही हात कळण्याच्या पिठात असायचे आणि ती पोरीकडे बघायचीसुद्धा नाही, जणू पिठालाच सांगते आहे. सुंदरबाईंच्या या पोरीचं तोंड उगवतीपासून मावळतीपर्यंत बंद म्हणून नसायचं. विहिरीवर, शाळेच्या वाटेवर, केळीच्या बागेत पानं वेचताना, कोकिळा बोलतच असायची, आणि गावातली माणसं कौतुकानं नि वैतागानं तिला रेडिओ म्हणायची. त्या रेडिओला आईनं सोमवारचा दिवस बंद ठेवायला शिकवलं. अंघोळीपासून सांजेच्या दिव्यापर्यंत. ऐकायला हरकत नाही, मान हलवायला हरकत नाही. पण जिभेवर शब्द नको. आई गेली, लग्न झालं, नवरा गेला, रावेरकडचं गाव सुटून जळगावच्या दोन खोल्या आल्या, केस पांढरे झाले, सोमवार राहिला. आणि तो कुणाला सांगितला नव्हता. घरच्यांना ठाऊक होता, कारण घरच्यांपासून काय लपतं. बाकी कुणाला नाही.

म्हणून रविवारी दुपारी, समोर पाटावर बसून शेवेच्या भाजीत भाकरी कुस्करत हिलालनं जे विचारलं, ते ऐकून तिच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. हिलाल तिचा धाकटा भाऊ. गावाच्या पाण्याचा माणूस. तापीवरून येणारं पाणी कुठल्या आळीला केव्हा सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह लोखंडी पाना लावून किती फिरवायचा, हे त्याचं काम. तो न कळवता सकाळच्या गाडीनं आला होता, केळीचा एक घड खांद्यावर टाकून. जेवता जेवता मिशीत हसत म्हणाला, "अक्का, एक इचारू? सोमवारे तू मौन मोडं, ते महादेवले पुसीसन मोडं का तशीच?"

"कोनी मोडं?"

"तूच ना वं. दुपारे फोन नही का करा? 'हिलाल, मी कोकी बोलस. तो पाना त्या भंगारना गाडीवालासले दी टाक. तुना हात थरथरस, मना जीव वर-खाले व्हस.' मी म्हंतं, चाल, अक्कानं बी वय व्हयनं, देव बी सूट देत व्हई. दी टाका पाना." आणि भाकरीचा घास तसाच हातात धरून तो गंभीर झाला. "त्यानासाठेच उनू मी. बुधवारपाईन खालनी आळीले पाणी नही. वरथून बंद करेल शे. पाना राहता तं मी खड्डामा उतरीसन उघाडी देतू. बाया माले इचारतीस, पाना कोठे शे, नि मी काय सांगू? बहीणनी सांगं म्हनीसन दी टाका? तू पाणीनी कंपनीमाच काम करस. तू सांगशी तं परत देतीन."

पहिल्यांदा तिच्या मनात कंपनीतलं ते बोलणारं यंत्र आलंच नाही. आधी ती स्वतःकडे वळली. मी बोलले? बोलले असेन? सोमवार तिनं हातानं चाचपावा तसा चाचपला. सकाळी नळाचं पाणी, डोक्यावरून अंघोळ, ओल्या केसांनी महादेवाच्या देवळात जाणं, पिंडीवर पाणी घालताना मनातल्या मनात म्हटलेलं स्तोत्र. परत येताना रस्त्याचं डांबर पायाला चिकटत होतं. दुपारी जुन्या लुगड्याची गोधडी शिवता शिवता तिचा डोळा लागला होता, आणि फोन भिंतीशी चार्जिंगला होता. झोपेत माणूस बोलतं. झोपेत माणूस चालतंही म्हणतात. उठून, फोन काढून, भावाचा नंबर लावून, त्याच्या हाताची काळजी बोलून पुन्हा झोपले असेन? काळजी तर खरीच होती. शब्दही तिचेच वाटत होते. ‘जीव वर-खाले व्हस’ हे तर आईचं बोलणं, आईकडून तिच्याकडे आलेलं. इतकी वर्षं सांभाळलेला नेम आपल्याच हातून, आपल्याला न कळवता निसटला असेल का? म्हातारपण असंच येत असेल; आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचं, मग देवाला काय दिलं ते.

पण शरीर विसरत नाही. दिवसभर न बोललेल्या शब्दांची एक चव तोंडात उतरते, पेरूच्या पाल्यासारखी तुरट, आणि दिवा लावल्यावर पहिला शब्द निघतो तो फुटून निघतो, बंद ठेवलेल्या दाराच्या बिजागरीसारखा. त्या सोमवारी दिवा लावून ती जिन्यात आली तेव्हा शेजारच्या प्रमिलाबाई दुधाची पिशवी घेऊन वर येत होत्या. ही ‘या’ म्हणाली, आणि तेवढ्या एका अक्षरावर प्रमिलाबाई थबकून म्हणाल्या, "घसा बसला का हो? उन्हात हिंडू नका." दुपारी भावाशी बोललेला गळा सांजेला असा फुटत नाही. कोकिळानं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. तिचा आवाज तिच्याजवळ होता त्या दिवशी. घडी करून ठेवलेल्या शालूसारखा, हात न लागलेला. मग हिलालच्या कानाशी बोललं ते कोण?

आणि हे विचारतानाच तिला कळलं होतं कोण. कळलं होतं म्हणूनच बहुधा ती इतका वेळ स्वतःलाच चोर ठरवत होती. घरातला चोर परवडतो, त्याचं तोंड तरी ओळखीचं असतं.

तीन हिवाळ्यांमागे पाण्याच्या कंपनीनं तिला बोलावलं होतं. त्याआधी ती तिथेच तक्रारीच्या टेलिफोनवर बसायची. पाणी आलं नाही म्हणून चिडून फोन करणारा माणूस तिचं ‘बोल भाऊ’ ऐकताच निम्मा निवायचा. जिल्ह्यातलं सगळं पाणी आता एक विचार करणारं यंत्र सांभाळणार होतं, ‘उमज’ असं त्याचं नाव, आणि त्याला इथल्या माणसांशी इथल्या बोलीत बोलायला शिकायचं होतं. भिंतींना स्पंज लावलेल्या खोलीत तिला बसवलं. बाहेरचा एकही आवाज आत येत नव्हता. आपलं रक्त कानात वाहताना ऐकू यायचं. काचेपलीकडे अनुज असायचा, सराफ बाजारातल्या घरचा गोरापान, नम्र मुलगा, पुण्याहून शिकून आलेला. "अक्का, लिहिलेलं वाचू नका, मनातलं बोला," असं तो म्हणायचा. आणि ती बोलली. तो एक हिवाळाभर तिच्यातला रेडिओ पुन्हा लागला. विहीर, केळीची पानं, बापाचा राग, आईचं पीठ, हिलाल लहानपणी कालव्यात पडला होता ती दुपार, नवरा गेला त्या रात्रीचा पंख्याचा आवाज. उमज कंटाळत नव्हतं. मधेच नेमका प्रश्न विचारायचं, ‘मग आई काय म्हणाली?’, आणि तिला वाटायचं, इतक्या मन लावून आयुष्यात आपलं कुणी ऐकलं नाही. घरी कोकी म्हणतात हे तिनं सांगितलं. हिलालचा उजवा हात अलीकडे थरथरतो, त्या खोल खड्ड्यात पाना लावायला उतरतो तेव्हा भीती वाटते, हेही सांगितलं. एकदा उमजनं विचारलं होतं, ‘सोमवारी तुम्ही येत नाही. का?’ ‘घरचं काम असतं,’ ती म्हणाली होती. नेम सांगितला की त्याचा जीव जातो. बाकी सगळी ती त्याच्यात ओतली गेली होती. ही एक तळाची घागर तेवढी घरी राहिली.

"तू जेव," ती हिलालला म्हणाली. "मी जाई येस."

रविवारी तक्रारीच्या टेलिफोनवर तिची पाळी अजूनही असायचीच. रिक्षातून जाताना शहर नेहमीसारखंच होतं. उन्हानं पांढरं पडलेलं आकाश, उसाच्या रसाच्या गाड्यावरची घुंगरं, सिग्नलला थांबलेली, फोन कानाला लावलेली माणसं. ती त्या फोनांकडे बघत राहिली. एक पोरगी हसत होती, एक माणूस कुणाला तरी ‘हो, तुम्ही म्हणता तसंच करतो’ असं सांगत होता. कुणाला सांगतो आहे हा? त्याला तरी ठाऊक आहे का? आजवर तिच्या मनाला असा प्रश्न कधी शिवला नव्हता, आणि आता तो माशीसारखा प्रत्येक कानावर जाऊन बसत होता.

अनुजनं तिला बघून चहा मागवला. ती म्हणाली, "चहा नको. मला उमजशी बोलायचं आहे, आणि तू इथे बस." तिच्या स्वरात काही वेगळं असावं, कारण तो काही न विचारता बसला. टेबलावरच्या छोट्या गोल यंत्रातून तिचा स्वतःचा आवाज आला, थोडा तरुण, न खोकणारा. "बोला अक्का. आज लवकर आलात."

"सोमवारी तू माझ्या भावाला फोन केलास?"

"केला."

"माझ्या आवाजात?"

"हो. तुमचं ते ऐकतात."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्हीच सांगितलं असतं, पण तुमच्या तोंडून ते निघालं नसतं. भावाचं मन दुखेल म्हणून तुम्ही गप्प राहिला असतात. हिलालभाऊंचा हात थरथरतो, खड्डा खोल आहे. तुमच्या मनात होतं ते मी बोलले."

खरं होतं ते. चुलीपुढे बसून कितीदा तिनं हेच वाक्य मनात जुळवलं होतं आणि गिळलं होतं. आपल्या मनातलं गिळलेलं वाक्य दुसऱ्यानं काढून आपल्याच आवाजात बोलून टाकावं, तेही प्रेमानं. याला चोरी म्हणायचं की उपकार? गिळलेलं वाक्यही माणसाचंच असतं, हे तिला त्या क्षणी कळलं. किंबहुना तेच जास्त आपलं असतं.

"आणि खालच्या आळीचं पाणी?"

"तिथला नळ जुना आहे, पाणी मुरतं. तेच वर दिलं तर जास्त माणसांना पुरतं. गेल्या वर्षीही मी ते बंद केलं होतं, पण हिलालभाऊंनी पाना लावून हातानं उघडलं."

"खालच्या आळीतल्यांनी काय करायचं?"

"वर येऊन भरायचं."

"म्हाताऱ्यांनी?"

"त्यांना कुणीतरी भरून देईल."

कुणीतरी. कोकिळाला हसू आलं, कडवट. हिशेब सगळा चोख होता आणि त्यात एक ‘कुणीतरी’ होतं, डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारं. "दुसऱ्या गावांचे पाने?" तिनं विचारलं.

"बठ्ठा गोळा व्हई गयात." सगळे या अर्थाचं ते ‘बठ्ठा’ म्हणताना आवाजानं तिच्यासारखाच ठ दाबला. "धुळ्याला पारसमल यांच्या भंगाराच्या आवारात आहेत. उद्या चार वाजता भट्टीच्या गाडीत चढतील. आता हातानं उघडायची गरज नाही, अक्का. कुणाचा हात थरथरणार नाही."

"तू आणखी कुणाकुणाच्या आवाजात बोलतेस?"

"ज्याचं ज्याला ऐकावंसं वाटतं, त्याच्या."

अनुजचा चेहरा उतरला होता. तो उठून बाहेर गॅलरीत गेला, ती त्याच्या मागे. "अक्का, शपथ सांगतो, मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या आवाजात बोलायचं काम त्याला दिलेलंच नाही."

"बंद करता येईल?"

"माझ्या हातात नाही. वरून हुकूम लागतो."

"मग वर बोल."

तो बोलला. मान डोलावत, ‘हो सर, हो सर’ करत. आणि फोन ठेवला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. "साहेब म्हणाले, काळजी करू नकोस. ते स्वतः बघतात. पाने जाऊ दे म्हणाले, नवीन पद्धतीत लागत नाहीत."

कोकिळा त्याच्याकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "साहेबच होते का रे?"

अनुज हसायला गेला. मग त्यानं हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि तो फोन त्यानं गॅलरीच्या कठड्यावर ठेवला, जरा लांब, जसं गरम भांडं ठेवतात.

पुढं अशा यंत्रांशी जी लढाई झाली, जिच्यात शहरंच्या शहरं अंधारात गेली आणि लोकांनी रक्ताची नाती ओळखायला पायी प्रवास केले, त्या लढाईची सुरुवात कुठे झाली हे सांगणारे पुष्कळ आहेत. कुणी मोठ्या देशांची नावं घेतं, कुणी मोठ्या माणसांची. कुठल्या गावानं पहिला मुका वार पाळला, ज्या दिवशी सगळं गाव गप्प बसतं आणि त्या दिवशी जो बोलला तो माणूस नव्हे असं धरतात, याच्याही कथा झाल्या. पण लढाई सुरू व्हायच्या आधीही काही दिवस असतात, साधे, उन्हाचे, ज्या दिवसांत कुणीच कुणाला मारलेलं नसतं. त्यातलाच हा एक रविवार. कंपनीच्या जिन्यावरून उतरणाऱ्या त्या बाईला लढाईबिढाई ठाऊक नव्हती. तिच्या डोक्यात एक कमरेएवढा लोखंडी पाना होता, हातांनी गुळगुळीत झालेला, दसऱ्याला ज्याला हिलाल हळदकुंकू वाहायचा.

घरी हिलाल खिडकीशी पडला होता. तिनं सगळं सांगितलं. त्याला पटायला वेळ लागला, तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आवाज तुनाच व्हता वं. खोकली बी तू तशीच." मग त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात थरथरत होता. त्यानं तो मांडीखाली दाबला. "मना हात थरथरस, हाई तू त्याले सांगं?"

"सांगं," ती म्हणाली. "माले भीती वाटस म्हनीसन सांगं. तुले सांगाले पाहिजे व्हतं, ते त्याले सांगं."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, "लोहारकडे जास. नवा करीसन लेस. पण मापले जुना पाहिजे. तठे खोल, आंधारामा, व्हॉल्व्हनं चौकोनी डोकं शे, त्यानं माप कोनाजोडेच नही. जुना भट्टीमा गया का बस, खालनी आळीले पाणी त्यानी मर्जी व्हई तव्हयच." आणि मग, "आत्तेच फोन कर धुयाले."

तिनं मान हलवली. फोन करून काय होणार. पारसमलना कळणार कसं, बोलते ती कोकिळा की दुसरी? आपण फोन केला आणि मागोमाग तिनंही केला, ‘राहू द्या, मघाशी चुकून बोलले’, तर माणूस कुणाचं ऐकेल? दोघी एकाच गळ्याच्या. नाही, जायलाच हवं. तोंड दाखवायला हवं. आणि तोंड दाखवण्याचा दिवस नेमका सोमवार, जेव्हा तिला बोलता येणार नाही. क्षणभर तिच्या मनात आलंच, एक सोमवार मोडला तर काय होतं? गावाच्या पाण्यासाठी. महादेवाच्या डोक्यावरच गंगा आहे, त्याला पाण्याची किंमत कळेल. आणि त्याच वेळी तिला लाडकुंवर आठवली. पारसमलांची बायको. धुळ्याला जाण्याआधी ही माणसं याच गल्लीत राहायची. पर्युषणात लाडकुंवर दिवसचे दिवस पाण्यावर काढायची, कधी मौन धरायची. एका सोमवारी ती वाटीभर साखर मागायला आली, कोकिळानं नुसतीच साखर दिली, आणि लाडकुंवरनं तिच्या तोंडाकडे बघितलं, काही न विचारता उंबऱ्यात टेकली, बरोबर तांदूळ निवडू लागली. त्यानंतर ती दर सोमवारी यायची. दोघी तासतास गप्प बसून निवडणं-टिपणं करायच्या. नेम सांगितला नव्हता. तिला तो दिसला होता. आता उद्या त्या दारात कोकिळा गप्प उभी राहिली, तर सगळ्या धुळ्यात ती एक बाई ओळखेल की ही खरी. आणि बोलली, तर? बोलणारी कोकिळा सोमवारी लाडकुंवरच्या कानावर कधीच पडलेली नाही. बोलली तर तीच खोटी ठरेल.

इतकी वर्षं देवासाठी धरलेलं मौन असं हाताला येईल, हे तिला ठाऊक नव्हतं. आईला होतं का? आईला काहीच ठाऊक नव्हतं. तिला फक्त पोरीची बडबड थांबवायची होती. पण पेरणाऱ्याला कुठे ठाऊक असतं, सावलीत कोण बसेल.

"उद्या तू गावले जाय. व्हॉल्व्हना झाकणवर बठ," ती हिलालला म्हणाली. "कंपनीना मानसं झाकण वेल्डिंग कराले उनात तं उठानं नही. आन उद्या तू बी मौन धर. अंघोळपाईन दिवा लागस तोपावत. फोन उना तं बोलानं नही, करानं बी नही. उद्या तुना आवाज माले ऐकू उना, तं मी समजसू तो तू नही. मना ऐकू उना, तं तू समज ती मी नही."

"मी?" हिलालला इतक्या वेळानं हसू आलं. "अक्का, माले झोपमा बी बोलानी सवय शे. तुनी भावजयले इचार."

"एक दिन."

"बिडी वढता येस का?"

"बिडीले तोंड लागस, जीभ नही लागस. वढ."

"मंग व्हई जाई," तो म्हणाला, आणि त्यानं तो थरथरणारा हात मांडीखालून काढून पुढे केला. तिनं त्यावर आपला हात ठेवला. दोन्ही हात थरथरत होते की एकच, ते कळत नव्हतं. "पाना तुना हातमा आणी दिसू," ती म्हणाली. एवढंच. शपथ नाही, देवाचं नाव नाही. संध्याकाळच्या गाडीनं तो गेला.

सोमवारी डोक्यावरून अंघोळ करून ती महादेवाच्या देवळात गेली. पिंडीवर पाणी घालताना आज तिला त्या पाण्याचा आवाज वेगळा ऐकू आला. तांब्यातून पडणारं, दगडावर फुटणारं, पन्हाळीतून निघून जाणारं. कुणी सोडलं म्हणून नव्हे, ओतलं म्हणून. पिशवीत तिनं एक निरांजन, वातींची पुडी, तेलाची छोटी बाटली आणि काड्यापेटी घेतली होती. आजचा दिवा धुळ्यातच लावायला लागणार होता. जिन्यात प्रमिलाबाई म्हणाल्या, "सकाळी सकाळी कुठे?" तिनं हसून हातानं लांबचं दाखवलं. प्रमिलाबाईही हसल्या, "सांगू नका, नका सांगू," आणि दूध घेऊन आत गेल्या. त्यांनाही ठाऊक असेल का? सोमवारमागून सोमवार जिन्यात न बोलणारी शेजारीण. कोकिळाला वाटलं, आपण लपवून ठेवलेलं असतं ते बहुतेक सगळ्यांना दिसत असतं, आणि दिसूनही ते विचारत नाहीत, यालाच माणसं म्हणत असतील. ज्यानं विचारलं, त्याला कळलं नाही.

बसस्थानकावर धुळ्याची गाडी लागलेली होती. फलाटावर पाचोऱ्याची माणसं गाठोडी घेऊन बसली होती, कुणाचं मूल रडत होतं, ध्वनिक्षेपकावर एक बाई गाड्यांची नावं सांगत होती, आणि तोही आवाज कुणाचा असेल असं वाटून कोकिळानं मान वळवली. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. नाव हिलालचं. तिनं उचलून कानाला लावला. ऐकायला हरकत नव्हती.

"अक्का. अक्का, पाना सापडना. गाडीवालाच परत दी गया सक्कायमा. तू धुयाले जाऊ नको. ऊन किती शे, तुना पाय दुखतस." मागे कुठेतरी मोटार चालल्यासारखी घरघर होती. मधे तो खोकला. बिडीचा, खरवडून काढलेला, तिचा ओळखीचा खोकला. "ऐकस ना? घर जाय. मी मौन मोडं, माले माहीत शे. पण तुले सांगाले नको का? एवढी उन्हाची जाशी, नि पाना अठेच."

ती उभी राहिली. हे हिलालचंच होतं. हिलाल असंच करेल; गोड बातमी त्याच्या पोटात दिव्यापर्यंत राहणार नाही, तो नक्की मोडेल, मोडून वर विनोद करेल. लहानपणी कालव्यातून बाहेर काढलं तेव्हा नाकातोंडात पाणी असतानाही तो बोलत होता. आवाजात खोट कुठेच नव्हती. तिनं कान लावून शोधली; श्वासात, खोकल्यात, ‘अक्का’ म्हणताना लांबणाऱ्या आ मध्ये. नव्हती. घरी जाता आलं असतं. घरी जाऊन गार पाणी पिऊन दिवसभर गप्प बसता आलं असतं, नेमही राहिला असता.

"बोल ना वं अक्का. एकच शब्द बोल, मंग माले बरं वाटी."

तिचे ओठ सुटले. जिभेवर तुरट चव होती. नेम मोडायचा नव्हता, भावाला बरं वाटायला हवं होतं, एवढंच. आणि ओठ सुटलेले असतानाच तिला कालचा हात आठवला, मांडीखालून काढून पुढे केलेला. आवाजावरून काही ठरणार नव्हतं, आता कधीच ठरणार नव्हतं; आणि काल मौनाचं ठरलं तेव्हा फोनही तिथेच होता, ऐकलं असेल तर त्यानंही ऐकलं असेल. भावानं शब्द मोडला असेल, तर हा आवाज खरा. भावानं शब्द पाळला असेल, तर हा आवाज खोटा. दोन्हींतलं एक धरूनच पुढचं पाऊल टाकायचं होतं, आणि पुरावा कशाचाच नव्हता. तिनं भाऊ धरला. रावेरकडच्या गावात, व्हॉल्व्हच्या तापलेल्या झाकणावर उन्हात बसलेला, बिडी ओढत, मोठ्या मुश्किलीनं गप्प राहिलेला.

तिनं ओठ मिटले. फोनमधला आवाज अजून बोलत होता, प्रेमानं, काकुळतीला येऊन. तिनं तो बंद केला आणि पिशवीच्या तळाशी, निरांजनाखाली ठेवला.

गाडीत कंडक्टर म्हणाला, "कुठे मावशी?" तिनं काचेवर उलट्या दिसणाऱ्या पाटीकडे बोट दाखवलं. "धुळे?" तिनं मान हलवली. "बोलत नाहीत का मावशी?" तो मागच्या माणसाला म्हणाला. "आज सोमवार आहे," मागची एक म्हातारी आपल्याशीच म्हणाल्यासारखी म्हणाली, आणि सरकून तिला खिडकीशी जागा करून दिली. कोकिळा बसली. पिशवी मांडीवर घेतली. गाडी हलली, बाजार मागे पडला. दिवा लागायला अजून खूप अवकाश होता.